शिवलेला अर्ज

चार वर्षं आणि वर दोन महिने थांबल्यावर निवास कार्यालयाचं पत्र आलं, ते जेमतेम चार ओळींचं. बाइंडरनं ते दुकानात उभ्या उभ्याच वाचलं. बोटांना खळ लागलेली होती, म्हणून कागद दोन मनगटांत धरला होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नीट कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी त्यानं हात धुतले, फडक्याला पुसले आणि स्टूल ओढून बसला.

पत्रात लिहिलं होतं: 'आपण मागितलेल्या माहितीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपल्या कायम निवासाच्या अर्जास झालेला विलंब हा कागदपत्रे सुटी न देता शिवून सादर केल्यामुळे, म्हणजेच अर्जदाराच्या चुकीमुळे झालेला आहे. प्रकरण मंजूर झाले असून कार्ड घेऊन जावे.'

मंजूर. हा एक शब्द ऐकायला दोघं नवरा-बायको कान लावून बसली होती. आता तो आला, तर त्याच्या आधीची ओळ बाइंडरच्या घशाखाली उतरेना. अर्ज त्यानं शिवलाच नव्हता. तो शिवला होता त्याच्या बायकोनं, आणि तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

या परक्या देशात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. त्यातली दहा या दुकानात गेली. वकिलांचे कागद, कॉलेजातले प्रबंध, शाळांची हजेरीपुस्तकं, जे येईल ते बांधायचं. पुठ्ठे कापणं, कापड चढवणं, दाबाखाली ठेवणं हे त्याचं काम, शिवण तिची. दोऱ्याला मेण लावून ती तो दोनदा चिमटीतून ओढायची आणि टाका घालताना ओठ घट्ट मिटून घ्यायची, जणू बोललं तर टाका सैल पडेल. तिनं शिवलेलं पुस्तक भिंतीवर फेकलं तरी पान सुटायचं नाही. एका रागावलेल्या वकिलानं तसं एकदा फेकूनही पाहिलं होतं.

कायम निवासाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कागद झाले त्रेसष्ट. दोघांचा अर्ज एकच होता. बाइंडरनं ते चिमट्यात अडकवले आणि पिशवीत घातले. तिनं पिशवीतून परत काढले.

"असे लोंबते द्यायचे? अहो, लोक काय म्हणतील! बाइंडरच्या घरचे कागद आणि हे असे!"

"लोक नाही गं बघत. एक कारकून बघतो, तोही जांभई देत."

"मग त्याची जांभई थांबेल. द्या इकडे."

तिनं कडेला पाच भोकं पाडली, शिवलं, पाठीला निळं कापड लावलं. खिडकीवरचा माणूस ते पाहून हसला. "हा काय लग्नाचा अल्बम?" म्हणाला. पण घेतलं आणि पोच दिली. ती पायऱ्या उतरताना म्हणाली, "बघा, थांबली ना जांभई?"

वर्ष गेलं, उत्तर नाही. दोघं चौकशीला गेली तेव्हा खिडकीवर दुसरीच बाई होती. तिनं संगणकात बघितलं आणि म्हणाली, "शिवलेला तो तुमचाच का? अहो, असलं शिवून कोण देतं? आमच्या मशिनीत सुटे कागद जातात." एवढंच बोलली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवसापासून बायकोच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही. अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलं तर अर्ज रद्द व्हायचा. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली, आणि हिला जाता आलं नाही. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ही हातात सुई घेऊन बसली होती. सुई खाली ठेवून म्हणाली, "मीच शिवलं ना ते."

बाइंडर तिला किती वेळा म्हणाला, अगं, त्यांना टाके काढायचे असते तर दोन मिनिटांत काढले असते, नाहीतर आपल्याला एक ओळ लिहिली असती. ती मान हलवायची, पण मनातून हलायची नाही.

शेवटी तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात, बोलता येत होतं तोवर, ती म्हणाली, "अहो, कात्री घेऊन जा नि ते उसवून या हो एकदा." तो दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी तपासली आणि कात्री घेऊन आत जाता येणार नाही म्हणाला. तो परत दवाखान्यात पोचला तेव्हा ती गेली होती.

त्यानंतर त्यानं शिवणकामाची ऑर्डर घेतली नाही. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की इथल्या कायद्यानं सरकारला माहिती विचारता येते, आणि महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं. बाइंडरनं आपल्या वळणदार नसलेल्या अक्षरात तीन प्रश्न लिहिले. माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता? तिथं किती दिवस राहिला? का राहिला?

त्याचं हे उत्तर आलं होतं. तीन प्रश्नांतल्या शेवटच्याचं, तेही असं.

संध्याकाळी लेक आली. ती शहर बस चालवायची आणि ड्युटी संपली की बापाकडे एक फेरी मारून मग घरी जायची. लग्नानंतर तिला तिचं स्वतःचं कार्ड मिळालं होतं. तिनं पत्र वाचलं आणि आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा वाचून ते त्याच्या हातात परत दिलं.

"बाबा, उद्या जाऊन कार्ड घेऊन टाका."

"आणि ही ओळ?"

"ओळीला काय करायचंय? तुम्हाला तात्पुरत्या परवान्याची ती चिठ्ठी घेऊन दर सहा महिन्यांनी रांगेत उभं राहायला लागतं. कार्ड हातात पडलं की सुटलात."

"मी सुटेन. ती?"

"आई आता कुठं वाचणारे हे?"

"तिला वाचायची गरजच नाही. ती हेच म्हणत गेली." बाइंडर म्हणाला. "आता यांनी शिक्का मारून सांगितलं की बाई बरोबर म्हणत होती."

लेकीनं पिशवी खांद्याला लावली. "तुम्ही अगदी आईसारखे झालात. ती तरी गप्प बसून हट्ट करायची."

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. विभागाच्या साहेबांनी त्याला आत बसवलं, ही देखील चार वर्षांत पहिलीच वेळ. टेबलावर कार्ड होतं, त्याच्यावर त्याचा चार वर्षांपूर्वीचा फोटो, केस तेव्हा काळे होते. कार्डाखाली एक छापील कागद होता.

"इथं सही करा नि घेऊन जा," साहेब म्हणाले. "अभिनंदन."

बाइंडरनं कागद वाचला. छापील मजकुरात लिहिलं होतं की झालेला विलंब माझ्या चुकीमुळे झाला हे मला मान्य आहे आणि या प्रकरणी माझी कोणतीही तक्रार अथवा माहितीची मागणी शिल्लक नाही.

"हा कागद सगळ्यांना असतो?"

"ज्यांनी माहितीबिहिती मागितलीय त्यांना असतो."

"आणि नाही केली सही तर?"

साहेब मागे रेलले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना जेवायला जायचं होतं. "काका, लोक या खिडकीवर डोकं आपटतात. तुमचं झालंय. दोन मिनिटांचं काम आहे. कशाला फाटे फोडताय?"

"मला माझी फाईल बघायचीय."

"मंजूर झालेली फाईल?"

"हो. कायद्यात लिहिलंय, अर्जदाराला स्वतःची फाईल बघता येते. झेरॉक्सवाल्यानं छापून दिलंय मला." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"झेरॉक्सवाला आता कायदा शिकवणार का आम्हाला?"

"तो नुसत्या प्रती काढतो. वाचायचं काम तुमचं."

साहेबांनी कार्ड उचललं, खणात टाकलं आणि खण बंद केला. "गुरुवारी या. रेकॉर्डमधून काढायला लागेल. पण हे कार्ड कुठवर थांबेल ते मी सांगू शकत नाही, हां. फेरतपासणी लागली की लागली."

"मला थांबायची सवय तुम्हीच लावलीय," बाइंडर म्हणाला आणि उठला.

लेकीला हे कळलं तेव्हा ती फोनवरच कडाडली. कार्ड समोर ठेवलं होतं आणि उठून आलात? डोकं ठिकाणावर आहे ना? शेवटी म्हणाली, "गुरुवारी माझी दुपारची पाळी आहे. सकाळी सोडते तुम्हाला."

गुरुवारी सोडताना तिनं एवढंच विचारलं, "आणि फाईलमधे खरंच ते टाके तसेच निघाले तर?"

बाइंडर पिशवी सांभाळत खाली उतरला. हाच विचार घेऊन तो दोन दिवस जागच्या जागी फिरत होता. टाके तसेच असले तर साहेब खरे, पत्र खरं, आणि बायकोनं स्वतःला लावून घेतलं तेही खरं.

रेकॉर्डच्या खोलीत एक कारकून बाई बसली होती. तिशीची, सर्दी झालेली, टेबलावर रुमालांचा ढीग. तिनं फाईल समोर ठेवली.

"हात लावायचा नाही. पानं मी उलटवते. तुम्ही बघा."

"बरं."

निळं कापड नव्हतं. फाईलच्या पुठ्ठ्यात कागद कार्यालयाच्या नेहमीच्या पद्धतीनं घातलेले होते, दोन मोठी भोकं आणि त्यातून ओवलेली नाडी. बाइंडरचा श्वास जरा मोकळा झाला. म्हणजे कधीतरी उसवलं होतं. पण कधी? मागच्या आठवड्यात उसवलं असलं तरी कागद आज असेच दिसणार.

बाई एकेक पान उलटत होती. तो वाचत नव्हता, कडा बघत होता. कारकुनाची दोन भोकं मोठी, कडक, मशिननं पाडलेली. त्यांच्या शेजारी बारीक पाच, बायकोच्या टोच्याची, एका रेषेत, मोजपट्टी न लावता पाडलेली आणि तरी एका रेषेत. त्याला जरा वेळ काही दिसेनासं झालं.

"रुमाल हवाय?" बाई म्हणाली. "माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"नको. जरा थांबा. ते कडेला निळं काय आहे?"

नाडी आवळलेली होती तिथं, कागदाच्या अगदी आतल्या पट्टीवर, शाईचा एक कोपरा दिसत होता.

"काहीतरी शिक्का असेल."

"नाडी सैल करा ना."

"मला उघडायला नाही सांगितलं कुणी."

"उघडू नका असंही नाही सांगितलं."

बाईनं दाराकडे बघितलं, नाक पुसलं आणि नाडीची गाठ सोडली. पान मोकळं झालं. आतल्या पट्टीवर उभा शिक्का होता: स्कॅन पूर्ण. खाली तारीख. बाइंडरनं ती वाचली आणि खिशातली पोच काढून शेजारी धरली. अर्ज दिल्यापासून नववा दिवस.

"पुढचं पान," तो म्हणाला.

पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही. त्रेसष्ट पानांवर त्रेसष्ट शिक्के, सगळे नवव्या दिवसाचे, सगळे बरोबर त्या पाच भोकांवरून गेलेले.

"बाई, हे टाके नवव्या दिवशी उसवलेत."

"तारीख तसं म्हणते खरी."

"तारखेला कुणी काहीही म्हणेल. पण या पट्टीवर शिलाई होती. शिवलेल्या गठ्ठ्यात ही पट्टी दिसतसुद्धा नाही, शिक्का कुठं मारणार? आणि हे बघा, भोकातून शाई खालच्या कागदावर उतरलीय. भोकं आधीची, शिक्का नंतरचा, आणि शिक्का मारताना दोरा नव्हता."

बाईनं दोन्ही पानं उजेडाकडे धरली. मग शेवटचं हिरवं पान काढलं, ज्यावर फाईल कुठून कुठं गेली त्याच्या नोंदी असतात. पहिली नोंद: आवक. दुसरी: स्कॅन पूर्ण, नववा दिवस, पुढील टेबलाकडे. त्याच्याखाली कोरी जागा. तिसरी नोंद चार वर्षांनंतरची होती: कागदपत्रे शिवलेली असल्याने विलंब. त्या तारखेच्या दोनच दिवस आधी बाइंडरचा माहितीचा अर्ज इथं पोचला होता.

"म्हणजे मी विचारलं म्हणून फाईल उघडली," बाइंडर म्हणाला.

"मी तेव्हा इथं नव्हते हो, काका."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? मला या पानांच्या प्रती द्या. कडेसकट."

"मशिन कड कापतं."

"कागद आडवा ठेवा. नाही कापत."

बाईनं आडवा ठेवला. नाही कापली.

त्या प्रती जोडून बाइंडरनं पत्राविरुद्ध अपील केलं. ते ऐकायला वर मोठे साहेब होते, निवृत्तीला आलेले, कानात मशिन. विभागाचे साहेबही आले होते. लेक पाळी बदलून आली आणि युनिफॉर्मवरच मागं बसली. बाइंडरनं पिशवीतून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा काढला, त्रेसष्ट कागद, आदल्या दुपारी स्वतः शिवलेला. सव्वा वर्षात पहिल्यांदा हातात सुई घेतली होती. टाके तिच्यासारखे आले नव्हते, पण घट्ट होते. त्याच्या शेजारी त्यानं दुकानातला रबरी शिक्का आणि शाईची डबी ठेवली.

"हे काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पत्रात म्हटलंय, अर्ज शिवलेला होता म्हणून चार वर्षं लागली. फाईलमधे दर पानाच्या आतल्या पट्टीवर शिक्का आहे, नवव्या दिवसाचा. माझं म्हणणं, शिवलेल्या कागदाला तिथं शिक्का मारता येत नाही. यांनी मारून दाखवावा, मी आत्ता सही करून घरी जातो."

"हे काय न्यायालय आहे का?" विभागाचे साहेब म्हणाले. "साहेब, यांचं कार्ड तयार आहे. हे घेतच नाहीत."

"मारून बघा ना," मोठे साहेब म्हणाले. त्यांना मजा वाटायला लागली असावी.

विभागाच्या साहेबांनी शिक्का उचलला. पहिलं पान कव्हरसारखं वर होतं, त्यावर उठला. दुसरं पान उलटलं तर पट्टी टाक्यांत गेली. त्यांनी गठ्ठा ताणून उघडला, अंगठ्यानं दाबला, शिक्का तिरका टेकवला. अर्धं अक्षर कागदावर आलं, बाकीची शाई अंगठ्यावर. त्यांनी आणखी एकदा केलं. शर्टाच्या बाहीला निळा डाग पडला. मागं लेकीला हसू आवरेना, तिनं तोंडावर टोपी धरली.

मोठ्या साहेबांनी मग झेरॉक्सच्या प्रती हातात घेतल्या आणि एकेक पाहिली. हिरव्या पानावर बराच वेळ थांबले.

"पत्रातली ती ओळ तुम्ही कशावरून लिहिलीत?"

"साहेब, संगणकात शेरा होता. 'शिवलेले.' एवढाच."

"शेरा आवक होतानाचा आहे. पुढं चार वर्षं फाईल कुठं होती?"

"तशी नोंद उपलब्ध नाही."

"नोंद नाही, तर चूक अर्जदाराची कशी?"

साहेब अंगठा पुसत राहिले. मोठ्या साहेबांनी बाइंडरकडे पाहिलं. "तुमची नेमकी मागणी काय आहे? विलंबाची नुकसानभरपाई आम्ही देऊ शकत नाही."

"मागितलीय कुणी? अर्ज माझ्या बायकोनं शिवला होता. ती वारली. मरेपर्यंत तिला वाटत होतं की तिच्यामुळे अडलंय. तुमच्याकडे नवव्या दिवसापासून लिहून होतं की तसं नाही. हे तिला सांगायला तुम्हाला एक ओळ लागली असती." त्याचा आवाज वर गेला नाही. "ती ओळ मला आता पाहिजे. लेखी. तिच्या नावानिशी. आणि ही दुसरी खोडून."

मोठे साहेब लिहायला लागले. हातानं लिहीत होते, सावकाश. मग वाचून दाखवलं: पत्रातील 'अर्जदाराच्या चुकीमुळे' हे विधान अभिलेखाशी विसंगत असल्याने रद्द करण्यात येत आहे. सह-अर्जदार, आणि इथं त्यांनी तिचं पूर्ण नाव घातलं, यांनी सादर केलेली कागदपत्रे नवव्या दिवशी स्कॅन झालेली होती. सदर विलंबाशी त्यांचा संबंध नाही.

"चालेल?"

बाइंडरनं मान हलवली.

"साहेब, आणि कार्ड?" लेकीनं मागून विचारलं.

विभागाचे साहेब घाईनं म्हणाले, "प्रकरण वादात गेलं की फेरतपासणी होते. नियम आहे. सहा महिने, आठ महिने."

लेक उठून उभी राहिली. बाइंडरनं वळून न बघताच हात मागं केला, बस म्हणून.

"होऊ द्या," तो म्हणाला. "पण या वेळी मी दर आठवड्याला विचारणार, की ते कुठल्या टेबलावर आहे."

आदेशाची प्रत घेऊन दोघं खाली आली. लेकीनं जिन्यातच ती दोनदा वाचली आणि आईचं नाव होतं तिथं बोट ठेवलं. बाइंडर बाहेरच्या दाराकडे न जाता खिडकीकडे वळला.

"आता कुठं?"

"दोन प्रश्नांची उत्तरं राहिलीत. कुठल्या टेबलावर, आणि किती दिवस."

"बाबा, ओळ खोडून मिळाली ना?"

"तिची खोडून मिळाली. आता कुणाची लिहायची ते विचारतो."

लेकीनं घड्याळ पाहिलं, मग टोपी काढून काखेत धरली आणि रांगेत त्याच्या शेजारी उभी राहिली. पुढं सात माणसं होती, थोड्या वेळात मागंही तिघं येऊन थांबली. एकाच्या हातात जाड पाकीट, एकीच्या कडेवर मूल, एक म्हातारा प्रत्येक वेळी रांग सरकली की आपली चिठ्ठी काढून बघत होता.

नंबर आला तेव्हा खिडकीवर तीच सर्दीवाली कारकून बाई होती, आज तिला इथं बसवलं होतं. तिनं बाइंडरचा नवा कागद वाचला आणि हळूच म्हणाली, "पुन्हा तुम्ही?"

"पुन्हा मी."

"असा दिलात तर परत पाठवतील. 'प्रश्न मोघम आहे' म्हणून." तिनं मागं पाहिलं. "टेबलाचा नंबर घाला. स्कॅननंतर सगळ्या फाईली एकाच ठिकाणी जातात. बावीस."

"बावीस?"

"मोठ्यानं नका म्हणू."

बाइंडरनं कागद परत घेतला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि 'कोणत्या टेबलावर' याच्या पुढं बावीस लिहिलं. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मान पुढं काढून तो आकडा वाचला आणि आपल्या चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतला. कडेवर मूल असलेल्या बाईनं त्याला विचारलं, काय लिहिलंत हो? त्यानं सांगितलं. जाड पाकीटवालाही खिसे चाचपून पेन शोधायला लागला.

कारकून बाईनं सगळं पाहिलं आणि बाइंडरचा अर्ज आत ओढला.

"झालं. जा आता."

"पोच द्या," बाइंडर म्हणाला.